लग्न डिसेंबरात, पॅकेज सप्टेंबरात

पत्र:

"डॉक्टरताई, मी कराडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ४७. कॉलेजात असताना खूप मुरुमं आली, त्यांचे खड्डे दोन्ही गालांवर राहिले. धाकटीच्या बाळंतपणापासून वांग आहे, तो आता कपाळावर आणि ओठाच्या वरही पसरलाय. मोठीचं लग्न ११ डिसेंबरला आहे. साखरपुड्याचे फोटो ग्रुपवर आले तेव्हा विहीणबाईंच्या जाऊ हसत म्हणाल्या, 'आईंच्या फोटोला जरा फिल्टर लावा हो.' सगळे हसले, मीही हसले. रात्री मात्र झोप लागली नाही. गेल्या रविवारी शहरातल्या एका क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टर भेटले नाहीत, काउन्सेलर मुलगी होती. तिने फ्रॅक्शनल सीओटू लेझरच्या चार सिटिंगचं पॅकेज सांगितलं, दर तीन आठवड्यांनी एक. शेवटचं लग्नाच्या आठ दिवस आधी, म्हणजे ग्लो येईल. कार्बन फेशियल फुकट. अठ्ठेचाळीस हजार, या आठवड्यात भरले तर चाळीस. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, पैसे माझ्या भिशीचे आहेत. सध्या मेडिकलमधून आणलेली एक क्रीम लावते, दोन वर्षं झाली. तिने उजळ वाटतं, पण चार दिवस नाही लावली की चेहरा लाल होऊन आग होते. लेझरने वांग आणि खड्डे दोन्ही जातील का? आणि या वयात हे करणं शोभतं का?"

उत्तर:

ताई, पैसे भरले नसतील तर भरू नका. भरले असतील तर पावती जपून ठेवा आणि पहिली तारीख रद्द करा. लेझर वाईट म्हणून सांगत नाही, मी स्वतः गेली कित्येक वर्षं तेच मशीन वापरते. पण तुमच्या चेहऱ्यावर तीन वेगवेगळ्या भानगडी आहेत आणि त्या मुलीने तिन्हींना एकाच दावणीला बांधलंय. खड्डे ही एक, वांग ही दुसरी. तिसरी तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलीत, तुमच्या लेखी ती भानगडच नाही. ती क्रीम.

तिच्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं तिच्यावर अडलंय.

लावली की उजळ वाटतं, सोडली की लाल होऊन आग होते, आणि हे दोन वर्षं चाललंय. हे वाचल्यावर ट्यूब न बघताही मला दाट शंका येते की तिच्यात स्टेरॉइड आहे. आपल्याकडे औषधाच्या दुकानात 'वांगाची क्रीम' म्हणून जे हातात ठेवतात त्यात बहुतेक वेळा तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं एखादं स्टेरॉइड. हे मिश्रण वाईट नाही. मी स्वतःही लिहून देते, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि पेशंटला पुन्हा बोलावून. कायद्याने ते चिठ्ठीवरच मिळायला हवं. प्रत्यक्षात शेजारणीच्या रिकाम्या खोक्यावर मिळतं. मग शेजारीण लावते, तिची नणंद लावते, आणि दोन वर्षांनी माझ्यासमोर एक चेहरा येतो: पातळ, गुलाबी, गालांवर बारीक शिरांची जाळी, कानाजवळ लव वाढलेली, आणि उन्हात दोन मिनिटं उभं राहवत नाही. तुमचा चेहरा इतका पुढे गेलाय असं मी म्हणत नाही, मी तो पाहिलेला नाही. पण रस्ता तोच आहे. त्यातलं हायड्रोक्विनोनही वर्षानुवर्षं लावत राहिलं तर कधीकधी त्वचेत निळसर-काळा रंग बसतो, आणि तो वांगापेक्षा हट्टी असतो.

तर ज्या त्वचेला औषध चार दिवस चुकलेलं सोसत नाही, तिच्यावर तुम्ही मुद्दाम हजारो बारीक भाजण्या करून घेणार होतात. त्या मुलीने तुम्हाला विचारलं का, की सध्या काय लावता? पत्रात तरी तसं दिसत नाही.

'भाजण्या' हा शब्द मी घाबरवायला वापरला नाही. ते मशीन तेच करतं, आणि त्याचा उपयोगही त्यातच आहे. ज्या लेझरची ही गोष्ट आहे तो कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी तयार केला. हे पटेल जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकलेले. म्हणजे तुमच्या गालावर येऊ घातलेला हा प्रकाश मुळात तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातला! असो. या प्रकाशाची खासियत अशी की तो डोळ्यांना दिसत नाही आणि पाणी त्याला आधाशासारखं शोषून घेतं. कातडीत पाणी भरपूर. त्यामुळे प्रकाश पडला की तिथल्या पेशींतल्या पाण्याची क्षणात वाफ होते, तेवढा भाग उडून जातो आणि आजूबाजूला शेक बसतो. शरीर ती जखम भरायला धावतं, खाली नवं कोलॅजेन, म्हणजे कातडीला भरीव ठेवणारे धागे, विणायला घेतं, आणि त्या विणीने खड्डा थोडा वर उचलला जातो.

१९९० च्या दशकात हा लेझर अख्ख्या चेहऱ्यावर सरसकट फिरवत. गोऱ्या कातडीवरच्या सुरकुत्यांचा निकाल फार सुंदर यायचा. पण माणूस आठवडा-दोन आठवडे सोललेल्या चेहऱ्याने घरात बसायचा, लाली महिनोन्महिने राहायची, आणि काहींच्या चेहऱ्यावर वर्षभरानंतर कायमचा पांढरटपणा यायचा. सावळ्या माणसांनी तर त्या वाटेला न गेलेलंच बरं होतं. २००४ मध्ये 'फ्रॅक्शनल' पद्धत मांडली गेली. सगळी कातडी न जाळता तिच्यात केसाच्या जाडीच्या आसपासची बारीक छिद्रं पाडायची आणि मधली कातडी शाबूत ठेवायची. घावनाला जाळी पडते ना, तसं. प्रत्येक छिद्राच्या चहूबाजूंना निरोगी कातडी असल्यामुळे ते कडेकडेने लवकर भरून येतं. जाळी किती दाट आणि छिद्र किती खोल, हे मशीनवर आम्ही ठरवतो. सगळं कौशल्य त्या दोन आकड्यांत असतं, आणि आपल्या रंगाच्या माणसांसाठी, विशेषतः पहिला आकडा, हात आखडूनच ठेवावा लागतो.

कारण आपली कातडी रागावली की काळी पडते. डास चावला, मुरूम फोडलं, कढईतलं तेल उडालं, की त्या जागी काळा डाग राहतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. डॉक्टरी भाषेत त्वचेचे सहा प्रकार करतात. ही फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेली आणि नंतर वाढवलेली पट्टी. आपण बहुतेक जण तिच्यात चौथ्या-पाचव्या घरात येतो. हा रंग उन्हापासून आपलं रक्षण करतो, सुरकुत्या उशिरा आणतो. पण भाजलं की रंगाच्या पेशी भडकतात.

माझ्या क्लिनिकात हे मशीन पहिल्यांदा आलं तेव्हाची गोष्ट सांगते. कंपनीचा माणूस शिकवायला आला होता. त्याच्या हातात छापील तक्ता होता, कुठल्या त्वचेला किती डोस. मला तो तक्ता पटेना. मी डाव्या बाहीची घडी वर केली आणि स्वतःच्याच हातावर पोस्टाच्या तिकिटाएवढे चार चौकोन मारून घेतले, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा जास्त. दुसऱ्या दिवशी चारही चौकोनांवर बारीक ठिपक्यांची रांगोळी उमटली होती. बोट फिरवलं तर रव्यासारखं खरखरीत लागायचं. सहाव्या-सातव्या दिवशी आंघोळीत खपल्या निघून गेल्या आणि खालची कातडी छान गुलाबी दिसली. मी खूश. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिसरा चौकोन चहाच्या डागासारखा दिसायला लागला आणि चौथा कॉफीसारखा. तिसरा दीड-दोन महिन्यांत गेला. चौथा गणपतीत दिसत होता, दिवाळीत दिसत होता, संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनीही विचारला. सात महिने. आणि चौथ्या चौकोनाचा डोस तक्त्यात माझ्या रंगासाठी 'सुरक्षित' म्हणून छापलेला होता. हातावरची कातडी चेहऱ्यापेक्षा सावकाश भरते, हे खरं. पण त्या दिवसापासून मी कुणाच्याही चेहऱ्यावर आधी जबड्याच्या कडेला किंवा कानामागे छोटा तुकडा करून महिना-दीड महिना थांबल्याशिवाय पुढे जात नाही.

आता त्या क्लिनिकचं वेळापत्रक आणि हा काळेपणा एकमेकांशेजारी ठेवा. काळेपणा सिटिंगनंतर साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वर येतो. तुमचं तिसरं सिटिंग नोव्हेंबरच्या मध्याला पडतं. म्हणजे त्याचा डाग यायचाच असेल तर बरोबर अक्षता पडताना वर येईल. आणि शेवटचं सिटिंग तीन डिसेंबरच्या आसपास, 'ग्लो' साठी! पहिले दोन-तीन दिवस चेहरा सुजलेला आणि लालबुंद, पाच ते सात दिवस तपकिरी खपल्या, त्यानंतर कित्येक दिवस गुलाबी आणि नाजूक. त्याच आठवड्यात घाणा भरणं, देवक, हळद. मुलीची हळद तुमच्या गालाला कुणीतरी प्रेमाने लावणारच, आणि कच्च्या कातडीवर हळद, बेसन, लिंबू यांतलं काहीही चालत नाही. वर मेकअपचे तीन थर आणि व्हिडिओवाल्याचे दिवे. लग्नाच्या आठ दिवस आधी हे मशीन चेहऱ्याला लावायला सांगणाऱ्या माणसाने एक तर ते मशीन नीट बघितलेलं नाही किंवा तुमचं लग्नघर.

तीन आठवड्यांचं अंतरही मला कमी वाटतं. मी दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे ठेवते. खालची वीण तीन ते सहा महिने चालू राहते आणि आधीची किती विणली गेली हे दिसल्याशिवाय पुढची घालण्यात शहाणपण नाही. बारा आठवड्यांत चार सिटिंग बसवायची म्हणून त्यांनी अंतर कापलं. शिंप्याने कापड कमी पडलं म्हणून बाही आखूड करावी, तसला प्रकार.

वांगाबद्दल माझं मत कडक आहे आणि सगळे सहकारी त्याच्याशी सहमत नसतील. वांगावर मी सीओटू लेझर मारत नाही. वांग हा कातडीवर सांडलेला रंग नाही की खरवडून काढला. ती कारखान्याची खोड आहे. ऊन, उष्णता आणि हार्मोन यांनी रंगाच्या पेशी जास्त माल तयार करत राहतात, आणि लेझर म्हणजे पुन्हा उष्णताच. कधी महिनाभर चेहरा स्वच्छ दिसतो, पेशंट मिठाई घेऊन येते, आणि दोन-तीन महिन्यांनी वांग व्याजासकट परत येतो. फुकटच्या कार्बन फेशियलचंही तसंच. त्यात काळा लेप लावून वेगळ्या जातीचा, क्यू-स्विच्ड लेझर फिरवतात. तात्पुरता तजेला येतो, खड्ड्यांना त्याचा उपयोग जवळपास शून्य. त्याच जातीचा लेझर 'टोनिंग' म्हणून वांगावर पुन्हा पुन्हा मारल्याने पावसाच्या थेंबांसारखे पांढरे ठिपके पडलेले चेहरे मी पाहिलेत. काळ्यावर इलाज आहे, त्या पांढऱ्यावर फार थोडा.

तुमच्या वांगाचं पहिलं औषध शाळेच्या रस्त्यावर आहे, विशेषतः स्कूटरने जात असाल तर. गावातली शाळा म्हणजे जाऊन-येऊन रोज किती किलोमीटर होतात ते तुम्हीच मोजा. स्कार्फ तुम्ही बांधत असालच, पण त्या पातळ जॉर्जेटमधून ऊन आरपार येतं. जाड सुती आणि गडद रंगाचा घ्या. त्याच्या आत सनस्क्रीन हवंच, आणि तेही साधं पांढरं नको, किंचित मातकट रंगाचं, ज्यात आयर्न ऑक्साइड लिहिलेलं असतं असं घ्या. वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतो, आणि तो उजेड अडवायला हा मातकट रंग लागतो. किती लावायचं? तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. बायका वाटाण्याएवढं लावतात आणि सनस्क्रीनचा काही उपयोग नाही म्हणतात. मधल्या सुट्टीत दुसऱ्यांदा लावा. मुलं विचारतील, त्यांना खरं सांगा.

आणखी एक गोष्ट विचारते, कारण लग्नघरात ती हमखास होते. देवकार्यात अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायचा विचार आहे का? ४७ व्या वर्षी पाळीचा भरवसा नसतो, म्हणून बायका आठ-पंधरा दिवस आधीच सुरू करतात. त्या हार्मोनच्या गोळ्या आहेत, वांग त्यांनी भडकू शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वांगासाठी हल्ली पोटात घ्यायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्याही देतात. त्या आणि या, दोन्ही एकाच वेळी पोटात गेल्या तर रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. दोन डॉक्टर दोन चिठ्ठ्या लिहितात आणि एकाला दुसऱ्याचं माहीत नसतं. तुम्ही दोघांनाही सांगा. पायात पूर्वी गुठळी झाली असेल, घरात कुणाला झाली असेल, तर तेही. खरं तर त्या गोळ्या न घेता लग्न लागत नाही असं मला वाटत नाही, पण तो तुमच्या घरचा प्रश्न.

आता खड्डे. इथे लेझरला खरं काम आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. सकाळी खिडकीजवळ आरसा घ्या आणि उजेड एका बाजूने पडेल असा गाल तिरपा करा. समोरून ट्यूबलाइट असेल तर खड्डे दिसतच नाहीत, फोटोच्या फ्लॅशमध्ये तर चेहरा घोटलेला दिसतो. आता दोन बोटांनी गालाची कातडी हलकेच ताणा. जे खड्डे ताणल्यावर नाहीसे होतात ते उथळ, लाटेसारखे. त्यांना खालून दोऱ्यांनी ओढून धरलेलं असतं. तिथे बारीक सुईने ते दोरे आतून मोकळे करतात, आणि त्याच्या जोडीला लेझर किंवा सुयांचं मायक्रोनीडलिंग चांगलं चालतं. ज्यांच्या कडा खिडकीच्या चौकटीसारख्या उभ्या राहतात, त्या कडा लेझरने मऊ होतात. आणि ताणूनही जे सुईने टोचल्यासारखे काळे बिंदू उरतात, ते फार खोल असतात. त्यांच्यावर वरवरचं लेझर म्हणजे विहिरीच्या काठाला रंग देणं. तिथे काडीच्या टोकाने तीव्र ॲसिडचा एक एक थेंब आत टेकवतात, तळापासून भरून यावं म्हणून. एकाच गालावर हे तिन्ही प्रकार असतात. म्हणून चेहरा न बघता, गाल न ताणता, काउंटरवर बसून 'चार सिटिंग' सांगणारं कुणीही असो, मला त्याचं म्हणणं पटत नाही.

जातील का, असं तुम्ही विचारलंत. जाणार नाहीत. उथळ होतील, कडा विरतील, तिरप्या उजेडातल्या सावल्या कमी होतील. निम्मा फरक पडला तर माझ्या खुर्चीतून मी त्याला उत्तम म्हणते. ज्या पेशंटना हे आधी सांगितलेलं असतं त्या खूश होतात. ज्यांना 'काचेसारखा चेहरा' सांगून आणलेलं असतं त्या तेवढ्याच फरकावर रडतात.

पण हे सगळं डिसेंबरनंतर, आणि आधी ती क्रीम सुटून कातडी शांत झाल्यावर. त्याला किती महिने लागतील ते चेहरा पाहून ठरेल, चार-सहा लागले तर नवल नाही. माझा अंदाज, जूनमध्ये ऊन उतरलं की जबड्याच्या कडेला एक तुकडा करून बघावा. तो महिनाभर निर्दोष राहिला तर पुढे जावं. सिटिंगच्या आठवड्यात रजा टाका. खडूची धूळ आणि चाळीस पोरांचे प्रश्न दोन्ही त्या चेहऱ्याला सोसणार नाहीत. ताप आल्यावर ओठाच्या कडेला फोड येत असतील, किंवा कान टोचले तिथे कधी गाठ वाढली असेल, तर ते आधी सांगायचं. पहिल्यासाठी आगाऊ गोळ्या देतात, दुसऱ्यासाठी कदाचित लेझरच टाळतात.

लग्नापर्यंतच्या बारा आठवड्यांत काय, तर या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला भेटा. क्रीम एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नका, चेहरा फुलून येईल आणि तुम्ही घाबरून दुप्पट लावाल, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. ते कमी कसं करायचं, मधल्या लालीसाठी काय लावायचं, वांगासाठी ॲझेलॅइक ॲसिडसारखं सौम्य काही कधी सुरू करायचं, हे ते ठरवतील. सप्टेंबरात सुरुवात केलीत तर ऑक्टोबरचा महिना वाईट जाईल, दसऱ्याच्या फोटोंत तुम्ही मागच्या रांगेत उभ्या राहाल, पण तुळशीच्या लग्नापर्यंत पुष्कळ निवळलेलं असेल. मधल्या काळात ब्लीच, फेशियल, घरचे लेप, काही नाही. साधा साबणरहित फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. मेकअपवालीला नोव्हेंबरच्या शेवटी एकदा चाचणीसाठी बोलवा आणि खड्ड्यांवर चमकणारं काही लावू नको म्हणून सांगा, चकाकीने खड्डे दुप्पट दिसतात. वांग उत्तम झाकला जातो, त्याची काळजी सोडा.

डॉक्टर कसे ओळखायचे? पाटीवर नावापुढे त्वचारोगाची पदवी किंवा पदविका आहे का बघा, नोंदणी क्रमांक लिहिलेला असतो, तो वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. मग थेट विचारा: हँडपीस, म्हणजे मशीनचा चेहऱ्यावर फिरवायचा भाग, कोण धरणार, तुम्ही की सहायक? माझ्या रंगाच्या पेशंटचे तुमचे स्वतःचे आधीचे-नंतरचे फोटो आहेत का? आधी छोटा तुकडा करून थांबाल का? काळं पडलं तर पुढे काय? शेवटच्या प्रश्नावर जे चिडतील किंवा 'आमच्याकडे असं होतच नाही' म्हणतील, तिथून चप्पल घालून निघा. माझ्याकडे होतं. कमी होतं, पण होतं. आणि पैसे सिटिंगगणिक द्या. चार सिटिंगचे एकदम घेतले की तिसऱ्या वेळी थांबायला हवं असलं तरी थांबायला कुणाचं मन होत नाही, तुमचंही नाही.

शोभतं का, म्हणता. ताई, तुमच्या त्याच साखरपुड्यात वऱ्हाडातल्या किती पुरुषांनी केस काळे केले होते ते आठवा. त्यांना कुणी विचारलं होतं का? भिशीचे पैसे तुमचे, चेहरा तुमचा. ह्यांना सांगायचं की नाही हेही तुमचंच, फक्त सिटिंगनंतर आठवडाभर चेहरा लाल आणि खपल्यांचा असतो, तेव्हा सांगावं लागेलच. त्या जाऊबाईंसाठी करायचं असेल तर मात्र नको. त्या बाईंना पुढच्या कार्यात तुमच्या साडीत, नाहीतर जेवणावळीत काहीतरी सापडेलच, आणि त्यावर कुठलंच मशीन चालत नाही. कॉलेजपासून आरशात गाल फिरवून बघणारी मुलगी तुमच्यात अजून आहे, तिच्यासाठी करायचं असेल तर जूनमध्ये जरूर करा.

डॉक्टरांकडे जाताना ती ट्यूब पर्समध्ये टाका, अर्धी दाबलेली असली तरी. खोकं असेल तर तेही. पुढे मोठ्या अक्षरांत काय छापलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, मागच्या बारीक अक्षरांतली ती तीन नावं त्यांना वाचायची आहेत. आणि अशी दुसरी ट्यूब घरात असेल, तर ती नवरीच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.